पासाऊला पोचलो तेव्हा आमच्या नावावर एकही सायकल नव्हती

डॅन्यूबच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत. सव्वातीनशे किलोमीटर, बहुतेक सगळा सपाट रस्ता, नदी कायम सोबतीला. परदेशात पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्याला जो तो हीच टूर सुचवतो. २०२५ च्या जूनमध्ये पुण्याहून आम्ही अकरा जण गेलो. माणशी २,३५,००० रुपये भरले होते, एकूण २५,८५,०००. विमान आणि व्हिसा वेगळा. हे सगळे पैसे गेले.

टूर काढणारा, ज्याने ते घेतले, तो कुणी अनोळखी नव्हता. रविवारी पहाटे आमच्याबरोबर बोपदेव घाट चढणारा, कुणाची ट्यूब पंक्चर झाली तर थांबून बदलून देणारा माणूस. म्हणून "ऑनलाइन जाहिरातीला कसे भुललात?" हे मला कुणी विचारू नये. असे फसवणारे आता जाहिरात करतच नाहीत, आपल्याच सायकलिंगच्या ग्रुपमध्ये वर्षभर राहतात.

"मी दोन दिवस आधी पुढे जाऊन व्यवस्था बघतो" म्हणाला होता. आम्ही म्युनिकला आपापल्या खर्चाने एक रात्र काढली आणि सकाळच्या ट्रेनने पासाऊ गाठलं. त्याचा फोन बंद. सायकलच्या दुकानात काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. अकराही नावं होती. प्रत्येकाची उंची सेंटिमीटरमध्ये, आमच्यातल्या काकांसाठी आडव्या दांड्याशिवायची फ्रेम, माझ्यासाठी रुंद सीट, सगळं आम्ही लिहून दिल्याप्रमाणे. आणि खाली लाल अक्षरांत बुकिंग रद्द झाल्याची नोंद. ॲडव्हान्ससाठी दुकानाने त्याला तीन मेल केल्या होत्या, त्याने एकीलाही उत्तर दिलं नव्हतं.

तिथूनच श्लोगेनच्या हॉटेलला फोन लावला. पहिला मुक्काम तिथे होता, ४२ किलोमीटरवर. बुकिंग १२ मे रोजी रद्द. लिंझ रद्द, मेल्क रद्द, सगळी त्याच आठवड्यात. आमचे पासपोर्ट व्हिसा लागून परत आले ते ९ मे रोजी. म्हणजे व्हिसासाठी जोडलेली बुकिंग खरी होती, फुकट रद्द करता येणारी होती, आणि व्हिसा हातात पडल्यावर तीनच दिवसांत त्याने ती मोडली. शेंगेन व्हिसाच्या फायलीत लागलेले कागद खरेच असणार असं आम्ही धरून चाललो. कोणीही धरेल. व्हिसा मिळाल्यावर प्रत्येक हॉटेलला स्वतः मेल टाका, बुकिंग नंबर देऊन. टूरवाल्याला विचारू नका, हॉटेलला विचारा.

पण माझ्या डोक्यातून जात नाही तो एक मेसेज. फेब्रुवारीतला. "ताई, कंपनीच्या खात्यावर भरलेत तर ५ टक्के टीसीएस लागेल, ११,७५० रुपये. मिसेसच्या नंबरवर जीपे करा, तेवढे वाचतील." तेव्हाच थांबायला हवं होतं. परदेशी टूरच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकतानाच आगाऊ गोळा केलेला आयकर, घेणं हे टूर विकणाऱ्याचं कायद्याने काम आहे, आणि ते पैसे आपल्या पॅनवर जमा होतात, आयकर खात्याच्या विवरणात दिसतात, रिटर्न भरताना वळते होतात. म्हणजे वाचणार काहीच नव्हतं. तो टाळत होता स्वतःचा कागदोपत्री माग. मी सलग तीन दिवस १,००,०००, १,००,००० आणि ३५,००० असे पाठवले. अकरापैकी दोघे चार्टर्ड अकाउंटंट आहेत, त्यांनीही असेच पाठवले. तेव्हा लोभाची भाषा माझ्यासमोर नको. ओळखीच्या माणसाने सोय म्हणून सांगितलं, आम्ही ऐकलं.

दुकानात सात सायकली शिल्लक होत्या, सातच्या सात आम्ही घेतल्या. उरलेले चौघे ट्रेनने लिंझला गेले, तिथे सायकली मिळतात का बघायला. जूनमध्ये त्या काठावर ऐनवेळी खोली मिळत नाही, मिळाली तर १४८ युरोला. टूर पूर्ण केली, पण माणशी १,१४० युरो वर गेले, आणि युरो तेव्हा शंभराच्या आसपास होता.

पासाऊचे पोलीस सौजन्याने बोलले. पैसे भारतात दिले, घेणारा भारतीय, तक्रार भारतात करा. वकिलातीत फोन केला तर पासपोर्ट हरवलाय का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर बोलणं संपलं. विमा कंपनीचं उत्तर, आजारपण आणि सामान यात हे बसत नाही.

परत आल्यावर खरा छळ सुरू झाला. चौकीत साहेब म्हणाले, "मॅडम, घटना जर्मनीत घडली ना?" अहो, पैसे पुण्यात बसून पुण्याच्या खात्यावर दिले! मग "हे सिव्हिल मॅटर आहे." मग "सगळ्यांनी एकत्र या." एकत्र गेलो तर "एवढी गर्दी कशाला?" शेवटी साधा अर्ज घेतला, पोच द्यायलाही खळखळ. फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेलं कलम आहे, भारतीय न्याय संहितेचं ३१८(४). एफआयआरआधीच्या १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ मध्ये सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे, याला नाही, आणि त्याच कलमात हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही हेही आहे. मी प्रिंट काढून टेबलावर ठेवली. ती उलटून बघितलीसुद्धा नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला तर "पैसे तुम्हीच पाठवलेत, हॅकिंग नाही." बँकेचंही तेच. मग आम्ही जायचं कुठे? माणूस समोरच्या सोसायटीत राहतो, गाडी खाली उभी असते, आणि कुणी त्याला बोलावून साधं विचारत नाही!

एफआयआर घेत नसतील तर तक्रार लेखी, रजिस्टर्ड पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आम्ही त्या टप्प्यावर आहोत. ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अकराही जणांनी वेगवेगळी दाखल केली आहे. क्रेडिट कार्डाने भरलं असतं तर निदान चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता. जीपेला तो रस्ता बंद.

हाच माणूस आता दिवाळीनंतरच्या हनोई ते हो ची मिन्ह सिटी राइडसाठी माणशी ४०,००० ॲडव्हान्स गोळा करतोय, ग्रुपचं नाव बदलून. दिले असतील तर आजच सायकलवाल्याला आणि पहिल्या दोन हॉटेलांना विचारा, ॲडव्हान्स पोचलाय का. नसेल पोचला तर आमच्याकडे या. त्याच्या मिसेसच्या खात्याचे आमचे सगळे स्टेटमेंट तुमच्या तक्रारीला जोडायला देतो.