जुन्या ट्रॅक्टरांचा लिलाव आणि त्याआधीचा पाहणीचा दिवस

वापरलेल्या शेती-ट्रॅक्टरांचा लिलाव करणाऱ्या एका संस्थेकडून मी गेल्या हंगामात एक फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेतला. लिलावाच्या आदल्या दिवशी ही संस्था इच्छुकांना दिवसभर यंत्रे पाहू देते, प्रत्येक ट्रॅक्टरसोबत एक छापील स्थितिपत्रक ठेवते आणि विनंती केल्यास इंजिन सुरू करून दाखवते. हा आढावा मुख्यतः त्या पाहणीच्या दिवसाचा आहे, कारण ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’ या अटीवर होणाऱ्या विक्रीत एकदा बोली आपल्या नावावर सुटली की तक्रारीला जागा उरत नाही. जे तपासायचे ते बोली लावण्यापूर्वीच तपासावे लागते, आणि ते किती नीट तपासता येते यावरच अशा संस्थेची खरी किंमत ठरते, असे माझे मत आहे.

पाहणी सकाळी आठला सुरू होते. ओळखीच्या एका अनुभवी मेकॅनिकला सोबत घेऊन मी त्याआधीच दारात उभा होतो, आणि त्याचे कारण एकच होते: थंड इंजिन. डिझेल इंजिनाचे दुखणे ते थंड असतानाच सर्वांत स्पष्ट दिसते; गरम झालेले इंजिन झिजलेले असले तरी अर्ध्या सेल्फवर सुरू होते आणि आपले दोष झाकून ठेवते. म्हणून आम्ही प्रत्येक ट्रॅक्टरजवळ गेल्यावर कागद पाहण्याआधी इंजिनाच्या ब्लॉकला हात लावून पाहिला. मी हेरून ठेवलेल्या तीन ट्रॅक्टरांपैकी एकाचा ब्लॉक सकाळी आठ वाजताच कोमट होता. जागा बदलण्यासाठी तो थोडा वेळ चालवला होता, असे तेथील कर्मचाऱ्याने सांगितले आणि ते खरेही असेल. पण मी तो ट्रॅक्टर पूर्ण थंड होऊ द्यावा आणि दुपारनंतर माझ्यासमोर सुरू करावा अशी विनंती केली. संस्थेने ती कुरकुर न करता मान्य केली, हे आवर्जून नोंदवतो. दुपारी चार वाजता तो बराच वेळ सेल्फ मारल्यावर कसाबसा सुरू झाला आणि पुढची कित्येक मिनिटे सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला. सकाळीच तो आमच्यासमोर सुरू केला असता, तर कदाचित त्यावर मीच सर्वांत मोठी बोली लावली असती, कारण दिसायला तो तिघांत उजवा होता.

धुराबद्दल थोडे सविस्तर लिहितो. थंडीत सुरुवातीला येऊन लवकर विरणारा पांढरा धूर चिंतेचा नसतो. तो टिकून राहिला तर कंप्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) कमी झाले आहे किंवा डिझेल फवारणारे इंजेक्टर नीट फवारत नाहीत असा अर्थ होतो, आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, सिलिंडरमध्ये उतरत असण्याची शक्यता असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर तुलनेने सौम्य, कारण बऱ्याचदा एअर फिल्टर चोंदल्याने तो येतो, तरीही इंधनपंपाची शंका मनात ठेवावी. इंजिन संथ चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहण्याची परवानगी आम्हाला मिळाली. तेथून धूर जोराने आणि ठोक्याठोक्याने बाहेर येऊ लागला तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे आतले अस्तर, म्हणजे लायनर, झिजले आहेत असे धरून चालावे.

रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे, नाहीतर चेहरा भाजतो. पाण्यावर तेलाचा तवंग नाही ना आणि डिपस्टिकवरचे ऑइल दुधी झालेले नाही ना, हे दोन्ही आम्ही पाहिले. येथे एक बारकावा आहे: बरेच दिवस उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या झाकणाखाली दमटपणामुळे थोडा दुधी थर जमू शकतो, पण डिपस्टिकवर तोच रंग दिसला तर पाणी खरोखरच ऑइलमध्ये मिसळले आहे. जुन्या डिझेल इंजिनातले ऑइल काळे असणे स्वाभाविक आहे. अगदी सोनेरी ऑइल दिसले, तर ते नुकतेच बदलले आहे आणि जुन्या ऑइलबरोबर धातूच्या कणांचा पुरावाही गेला आहे, एवढे लक्षात घ्यावे.

स्थितिपत्रकावर तासांचा आकडा ठळक छापलेला असतो आणि बहुतेक लोक त्यावरच बोलीचा अंदाज बांधताना दिसले. हे मला धोक्याचे वाटते. जुन्या ट्रॅक्टरांवरचे यांत्रिक तासमीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. ठरावीक वेगाने इंजिन फिरले तरच त्यांचा एक तास हा घड्याळाचा एक तास असतो, आणि संथ चाललेले इंजिन त्यांच्यावर कमी तास दाखवते. मीटर बदललेले किंवा बंद पडलेले असू शकते, ते वेगळेच. त्यापेक्षा क्लच आणि ब्रेकच्या पेडलांचे रबर, स्टीअरिंगची झीज, ट्रॉली जोडण्याच्या हुकाचे लांबट झालेले भोक आणि लिंकेजच्या (मागे अवजार जोडण्याच्या सांध्यांच्या) पिनांचा सैलपणा हे सारे एकमेकांशी आणि मीटरशी जुळते का, हे पाहावे. माझ्या दुसऱ्या पसंतीच्या ट्रॅक्टरवर मीटर जेमतेम तीन हजार तास दाखवत होते, पण पेडलांचे लोखंडही गुळगुळीत झाले होते.

या सेवेची सर्वांत मोठी उणीव हायड्रॉलिक लिफ्टच्या, म्हणजे मागचे अवजार तेलाच्या दाबाने उचलणाऱ्या यंत्रणेच्या, बाबतीत आहे. लिफ्टच्या उचलणाऱ्या हातांना अवजार न जोडता तिची परीक्षा होतच नाही, आणि पटांगणात कोठेही वजन किंवा अवजार जोडून ठेवलेले नव्हते. मी फार आग्रह धरल्यावर शेजारच्या रांगेतला एक कल्टिव्हेटर जोडून देण्यात आला, पण त्यात तासभर गेला. अवजार पूर्ण वर उचलून इंजिन बंद करावे आणि ते किती वेळात खाली येते ते पाहावे. काही मिनिटांतच जमिनीला टेकले तर सिलिंडरचे सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळते आहे. इंजिन चालू असताना उचललेले हात दर काही सेकंदांनी उचकी लागल्यासारखे हलत असतील, तर तेही गळतीचेच लक्षण असते, कारण खाली आलेले वजन पंप पुन्हा पुन्हा वर ढकलत असतो. स्थितिपत्रकात याविषयी ‘लिफ्ट चालू’ एवढेच दोन शब्द होते. लिफ्टवरच ज्याची निम्मी मशागत अवलंबून आहे, त्या शेतकऱ्याला या दोन शब्दांचा काय उपयोग?

क्लचसाठी पटांगण पुरेसे होते. वरच्या गिअरमध्ये, ब्रेक दाबून क्लच हळूहळू सोडल्यावर इंजिन बंद पडायला हवे; पडले नाही तर प्लेट घसरते आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या घराला खालून एक लहान भोक असते, तेथे बोट फिरवून पाहावे. काळे ऑइल आले तर क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे सील गेले आहे, आणि ते बदलायचे तर ट्रॅक्टर मधून तोडून दोन भाग करावे लागतात. भाग स्वस्त असला तरी मजुरी मोठी पडते. पीटीओच्या, म्हणजे अवजारांना इंजिनाची ताकद देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्याच्या, खाचा चेपलेल्या नाहीत ना हे पाहावे. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरावीत असा हिशोब असतो, म्हणून कोणी पुढे-मागे वेगळ्याच मापाचे टायर बसवले असतील तर आतल्या गिअरांवर सतत ताण येतो. दिवे, सीट आणि बॅटरी यांवर मी वेळ घालवला नाही.

ताजा रंग दिसला की मी प्रथम बोल्टांची डोकी आणि चेसिसचे सांधे पाहतो, कारण वेल्डिंग रंगाखालीच लपते. चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक कागदांशी जुळवण्यासाठी संस्थेने कागदांच्या प्रती हातात दिल्या आणि कर्जाचा बोजा उतरल्याचे पत्रही दाखवले. या बाबतीत त्यांचे काम निर्दोष होते.

शेवटी मी तिसरा ट्रॅक्टर घेतला, जो तिघांत सर्वांत मळलेला होता. मागच्या ॲक्सलचे एक सील झिरपत होते आणि पुढच्या किंगपिनमध्ये (पुढचे चाक वळते त्या खिळीत) प्ले, म्हणजे सैलपणा, होता; दोन्हींच्या दुरुस्तीचा खर्च, वाहतूक आणि लिलावाचे शुल्क वजा करून मी बोलीची कमाल मर्यादा आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवली होती, आणि बोली त्या आकड्याच्या आतच थांबली. ती दोन्ही कामे करून घेतल्यानंतर ट्रॅक्टरने पूर्ण हंगाम नांगरणी केली आहे. पाहणीच्या दिवसाला मी पाचपैकी चार गुण देतो आणि स्थितिपत्रकाला दोन. प्रत्येक रांगेत एक वजनदार अवजार कायम जोडून ठेवले आणि सकाळी इंजिने थंड राहतील एवढी काळजी घेतली, तर पहिला आकडा पाच करायला मला आनंदच वाटेल.