डेमोगॉर्गनचं क्रोशे किट घ्यावं का? माझा इंदूरचा अनुभव

दादाच्या मुलाला जानेवारीत तेरावं लागलं. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर म्हणाला आत्या, मला डेमोगॉर्गन विणून दे, विकतचा नको. स्ट्रेंजर थिंग्ज ही नेटफ्लिक्सची मालिका २०१६ ला सुरू झाली आणि तिचा पाचवा, शेवटचा सीझन २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आला, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषयच नाही. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, डेमोगॉर्गन म्हणजे तिच्यातला पहिल्या सीझनचा राक्षस, उंच, हडकुळा, करड्या कातडीचा, आणि त्याला चेहराच नाही, म्हणजे डोकं कळीसारखं मिटलेलं असतं आणि उघडलं की पाच पाकळ्या, आतून लालभडक, सगळीकडे दात. नाव मुळात डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातलं, तिथला डेमोगॉर्गन दोन डोक्यांचा असतो, मालिकेतली पोरं तो खेळ खेळत असतात म्हणून समोर आलेल्या राक्षसाला तेच नाव देतात. हे सगळं मला भाच्याने जेवता जेवता समजावलं आणि इतकं मनापासून समजावलं की नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

क्रोशे मला येतं. आईने शिकवलंय, रुमाल, तोरण, बाळाचं टोपडं हे हातात बसलेलं आहे. पण आत कापूस भरलेली खेळणी, ज्याला अमिगुरुमी म्हणतात, ती कधी केली नव्हती. हा प्रकार जपानचा, रुमालासारखा सपाट नाही, गोल गोल फिरत पोकळ विणत जायचं आणि भरायचं. म्हणून म्हटलं पहिल्यांदा करतोय तर किटच घ्यावं, सगळं मापात येईल. ऑनलाइन मागवलं, १,२९९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला भांडण करायचं नाहीये, पण पुढच्या बाईचे पैसे आणि तिच्या संध्याकाळी वाचाव्यात म्हणून काय काय झालं ते नीट लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुठल्या कंपनीचं घेतानाही काय बघायचं ते कळेल.

डबा छान होता. आत तीन रंगांची लोकर, करडी, लाल आणि ऑफ-व्हाइट, एक ३ एमएमची सुई, भरायला फायबर, पाकळ्यांत घालायला तार, शिवायची प्लास्टिकची सुई, टाके मोजायचे मार्कर, छापील पत्रक. आणि काळ्या प्लास्टिकच्या डोळ्यांच्या दोन जोड्या. अहो ज्या राक्षसाला डोळेच नाहीत त्याच्या किटमध्ये डोळे! भाच्याने डबा उघडून पहिलं तेच बाहेर काढलं आणि त्याचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं. ज्यांनी हे भरलं त्यांनी तो राक्षस एकदा तरी नीट बघायला हवा होता, कारण हे मागवणारं पोर त्या राक्षसाचा प्रत्येक दात ओळखतं.

तरी ते सोडून दिलं असतं. खरी तक्रार पत्रकाची आहे, आणि ही गोष्ट इंग्रजी पॅटर्न वाचून विणणाऱ्या प्रत्येकीने वाचावी म्हणून जरा लांबण लावते.

पत्रकात सगळीकडे डीसी, डीसी लिहिलेलं. मी व्हिडिओ बघून शिकलेले त्यात डीसी म्हणजे डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, तो उंच टाका. तर मी सहा खांबांनी सुरू केलं, मग बारा, अठरा, चोवीस, दर ओळीला सहा वाढवत गेले, पत्रकात होतं तसंच. डोकं गोल व्हायला हवं ते चिलमीसारखं निमुळतं व्हायला लागलं, आणि खांबाखांबांमध्ये एवढ्या फटी की बोट जाईल. मला वाटलं हात सैल पडतोय म्हणून घट्ट ओढत राहिले. असं करत बावीस ओळी झाल्या, चार संध्याकाळी गेल्या, फायबर भरून बघितलं तर सगळ्या फटींतून पांढरं बाहेर डोकावतंय.

आई शेजारी वाटाणे सोलून राहिली होती. तिने हातात घेतलं, उलटं केलं, पहिल्या गोलावर नख ठेवून मोजलं आणि म्हणाली, "सहाने सुरू केलंस ना, मग हा मुका खांब असणार गं. खांब असता तर बाराने सुरू केलं असतं."

तिला इंग्रजी पत्रकातलं एक अक्षर वाचता येत नाही. पण हिशोब तोच आहे ना. रुमाल सपाट राहायला हवा तर खांबाला दर ओळीत बारा वाढवायचे, मुक्या खांबाला सहा, कारण मुका खांब उंचीला निम्म्याहून लहान. खांबाला सहाच वाढवले की कापड पसरायला जागाच मिळत नाही, ते वर उठतं आणि वाटी होते. पन्नास वर्षं रुमाल विणून तिच्या बोटांना ते माहीत आहे. मग मी नेटवर शोधलं तेव्हा कळलं की इंग्लंडची आणि अमेरिकेची क्रोशाची भाषाच वेगळी आहे. इंग्लंडवाले ज्याला डबल क्रोशे म्हणतात ते अमेरिकेचं सिंगल क्रोशे, म्हणजे आपला मुका खांब, आणि अमेरिकेचं डबल क्रोशे ते इंग्लंडचं ट्रेबल, म्हणजे आपला खांब. पत्रक इंग्लंडच्या पद्धतीचं होतं आणि तसं एका ओळीत कुठे लिहिलेलं नव्हतं. ओळखायची सोपी खूण सांगून ठेवते, पॅटर्नमध्ये कुठेही एससी किंवा सिंगल क्रोशे दिसलं तर तो अमेरिकन, कारण इंग्लंडच्या पद्धतीत सिंगल क्रोशे म्हणून टाकाच नसतो. आणि खेळण्याचा पॅटर्न सहाने सुरू होत असेल तर डोळे झाकून मुका खांब घाला. आपल्या आयांचे शब्द किती बरे बघा, साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, कोणत्या देशाचा हा प्रश्नच येत नाही.

सगळं उसवलं. आणि उसवताना लोकरीची खरी परीक्षा झाली. करड्या लोकरीचा पीळ सुटायला लागला, चार पदर वेगळे होऊन सुई मधूनच घुसायची आणि वर लव यायला लागली. चांगली अ‍ॅक्रिलिक लोकर दोन वेळा उसवून विणली तरी अशी फिसकटत नाही. लाल तर सुती निघाली, आणि रंग पक्का नव्हता, तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबला तर रुमालावर गुलाबी डाग. पाकळीच्या आत लाल आणि त्याला लागून पांढरे दात, म्हणजे पहिल्याच धुण्यात दात गुलाबी होणार. लोकर कुठूनही घ्या, ही रुमालाची टेस्ट आधी करा, दोन मिनिटं लागतात.

शेवटी दुसऱ्या पायाच्या निम्म्यावर करडी लोकर संपली. कंपनीला मेसेज केला तर उत्तर आलं की जास्तीची लोकर वेगळी मिळत नाही, दुसरं किट घ्या. एका गुंड्यासाठी १,२९९ रुपये कोण देणार.

मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. रविवारी सकाळी पोहे-जिलबी खाऊन राजवाड्याला उतरले आणि चालत सीतलामाता बाजारात गेले. तिथे कपड्यांच्या, साड्यांच्या दुकानांच्या गर्दीत एक लोकरीचं छोटं दुकान आहे, आई मला लहानपणी इथेच आणायची. दुकानवाल्या काकांनी सांगितलं की नाव टाकू नका, एकटेच आहेत, फोनवरच्या ऑर्डरी त्यांना झेपत नाहीत, म्हणून नाव नाही टाकत, पण लेस-गोट्याच्या दुकानांच्या रांगेत कोणालाही विचारा, ऊनवाले काका (हिंदीतलं ऊन, म्हणजे लोकर) म्हटलं की दाखवतील. चारचाकी आत नेऊ नका, अडकाल.

मी अर्धवट पाय पुढे केला आणि म्हटलं याला मॅच हवं. काकांनी करड्याचे सात गुंडे काउंटरवर काढले, मग पाय माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "दीदी, ट्यूबलाइट में मत देखो, बाहर धूप में ले जाओ." सातही गुंडे घेऊन मी ओट्यावर उभी. आत जे दोन अगदी सेम वाटत होते त्यातला एक उन्हात हिरवट निघाला आणि एक तपकिरी. एकही तंतोतंत जुळला नाही. काकांनी खोटं सांगितलं नाही की चालून जाईल, ते म्हणाले पाय नवे विणा, पूर्ण अंगच नवं विणा, आणि गुंड्यावरच्या कागदावरचा लॉट नंबर, म्हणजे कुठल्या खेपेला रंगवलंय त्याचा नंबर, बोट ठेवून दाखवला, म्हणाले एकाच रंगाचे गुंडेसुद्धा वेगवेगळ्या लॉटचे असले तर धड एका रंगाचं आणि हात दुसऱ्या रंगाचे दिसतात, तेव्हा लागेल त्यापेक्षा एक जास्त घ्या आणि सगळे एका लॉटचे घ्या, उरला तर न उघडलेला परत आणा. तसं त्यांनी बिलावर लिहूनही दिलं.

फोर प्लाय अ‍ॅक्रिलिक, करडे तीन गुंडे, लाल एक, पांढरा एक, २.५ एमएमची सुई आणि पाव किलो फायबर, सगळं मिळून ४१० रुपये. किटच्या एक तृतीयांश किमतीत. फायबरबद्दल पण बोलते, काही जणी घरचा कापूस भरतात, नका भरू, धुतला की त्याचे गोळे होतात आणि आतून वाळत नाही. काकांनी फायबर दिलं ते पोलिएस्टरचं, मुठीत दाबलं की परत फुगतं.

आता पाकळ्या, कारण जीव तिथेच आहे. किटमध्ये पाकळ्यांत तार घालायला सांगितलंय. मी एकीत घालून बघितली आणि तिचं टोक टाक्यांतून बाहेर आलं, अगदी अर्धा तांदूळ एवढंच, पण आमच्याकडे भाच्याची धाकटी बहीण दोन वर्षांची आहे आणि ती प्रत्येक वस्तू तोंडात घालते. तार काढून टाकली. त्या काळ्या डोळ्यांचंही तेच, ते घट्ट बसवलेले असले तरी ओढून निघू शकतात, तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्याला लावूच नयेत, डोळे दोऱ्याने भरावेत. तारेऐवजी मी असं केलं, प्रत्येक पाकळी दोन वेळा विणली, एक लाल एक करडी, ३ ऐवजी २.५ च्या सुईने, म्हणजे वीण आपोआप कडक झाली, मग दोन्ही एकावर एक ठेवून कडेने मुक्या खांबाने जोडल्या. बोटाने मागे वळवली की तशीच राहते, पुढे मिटली की मिटलेली राहते. दात पांढऱ्या लोकरीचे, तीन साखळ्या घालून त्याच टाक्यात परत, दोन मुके खांब, परत तीन साखळ्या. आई तोरणाच्या कडेला जे टोक काढते तेच हे. एका पाकळीला अकरा दात आलेत. पहिली पाकळी जोडून झाली तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी तशीच उठून आईला दाखवायला गेले, ती झोपलेली होती तरी उठवलं.

पाचही पाकळ्या डोक्याला जोडताना एक काळजी घ्या, आधी टाचण्यांनी लावून बघा आणि सगळ्या मिटवून बघा. मध्ये फट राहिली तर पाकळ्या थोड्या आत सरकवा. मला दोनदा काढाव्या लागल्या. हात लांब करा, गुडघ्यापर्यंत, नाहीतर तो माणसासारखा दिसतो. पत्रकातले हात आखूड आहेत, मी प्रत्येकी नऊ ओळी वाढवल्या.

पूर्ण झाला तो एक वीत आणि चार बोटं उंच. वाढदिवसाला भाच्याने एकेक पाकळी उघडली, आत बघितलं, दात मोजले आणि काही बोललाच नाही, नुसता घेऊन बसला. रात्री त्याच्या उशीशी होता. धाकटीला पण आवडला, ती त्याला फूल म्हणते.

एक गोष्ट लोक विचारतात की एवढा वेळ कशाला, मशीनचा मिळतो ना. प्लशचा मिळतो, शिवलेला. पण क्रोशाचा मशीनवर होत नाही, स्वेटरची वीण मशीन करते, क्रोशाची नाही, जगात कुठेही क्रोशाची वस्तू दिसली तर ती कोणीतरी हाताने एकेक टाका घालून केलेली असते. म्हणून बाजारात क्रोशाचं खेळणं दोनशे रुपयाला दिसतं तेव्हा मला त्या विणणारीची काळजी वाटते. माझे या एका राक्षसाला तीन आठवडे गेले, रोज दोन तास.

तर किटला माझ्याकडून पाचपैकी दोन. दोन तरी का, तर मार्कर चांगले आहेत, सुई गुळगुळीत आहे आणि धडाचा आकार पत्रकात बरोबर दिलाय. घ्यायचंच असेल तर आधी विक्रेत्याला विचारून घ्या की पॅटर्न इंग्लंडचा की अमेरिकेचा, लोकर कमी पडली तर तोच लॉट मिळेल का, लाल रंग अ‍ॅक्रिलिक आहे की सुती. उत्तर नाही आलं तर सोडा. ज्यांना साखळी आणि मुका खांब येतो त्यांनी नुसता पॅटर्न घ्यावा आणि लोकर बाजारातून हात लावून, उन्हात बघून आणावी. ग्वाल्हेर, उज्जैनकडच्यांनीही इंदूरला आलात तर वेळ काढून जा.

सीतलामाता बाजारातल्या दुकानाला पाचपैकी पाच. मागच्या आठवड्यात न उघडलेला करडा गुंडा परत करायला गेले, भाचा पण बरोबर होता, डेमोगॉर्गन पिशवीत. काकांनी तो काउंटरवर उभा केला, चष्मा वर करून पायाची आणि हाताची लोकर शेजारी शेजारी धरली, उठून बाहेर ओट्यावर नेली, उन्हात फिरवून बघितली, आणि आत येऊन गुंड्याचे पैसे भाच्याच्या हातात ठेवले. भाच्याने ते तिथेच ठेवले आणि हिरवी लोकर मागितली, दुसऱ्या सीझनमधला डार्ट करायचाय म्हणे, डेमोगॉर्गनचं पिल्लू. या वेळी विणणार तो स्वतः आहे, साखळी शिकून झालीये, आई त्याला मुका खांब शिकवून राहिली आहे.