जुन्या फियाटवर जुन्याच ॲक्सेसरीज: पावसाळा काढल्यावर काय टिकलं, काय उतरवलं

गाडी १९६६ची फियाट ११०० डी, सगळे डिलाइट म्हणतात ती. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. गेल्या दिवाळीपासून तिच्यावर एकेक करून त्याच काळातल्या ॲक्सेसरीज चढवल्या, मग अख्खा पावसाळा काढला. त्यातलं काय गाडीवर राहिलं आणि काय माळ्यावर गेलं ते लिहितोय. या वस्तू विकणारे पुष्कळ, त्यांचे फोटो टाकणारे त्याहून पुष्कळ. पण लावल्यावर त्या मुंबईत कशा वागतात हे कोणी सांगत नाही.

'त्याच काळातली' म्हणजे काय, यावर लोक तासन्‌तास भांडू शकतात. माझ्यापुरती व्याख्या सोपी आहे: तेव्हाच्या एखाद्या फियाटवाल्याने दुकानातून, नाहीतर गोदीतल्या ओळखीतून आणून लावली असती अशी वस्तू. पितळी भोंपू बाद, तो १९३०च्या गाडीवर शोभतो. दुसरी अट म्हणजे पत्र्याला नवीन भोक पाडायचं नाही. जे असेल ते आहे त्याच नटबोल्टवर, पट्टीवर किंवा क्लॅम्पवर बसलं पाहिजे. भोकाच्या कडेला रंग उडतो आणि इथल्या खाऱ्या हवेत एका पावसात तिथून गंज धरतो. शिवाय २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' पाटीच्या व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. पट्टीवर टांगलेला दिवा उद्या काढता येतो. पडलेलं भोक बुजवत बसावं लागतं.

आता मुख्य गोष्ट, डायनॅमो. आजच्या गाड्यांत वीज बनवणारा अल्टरनेटर असतो, या गाडीला तो नाही, त्याच्या जागी हा जुना डायनॅमो. डायनॅमो सव्वादोनशे वॅटच्या आसपास देतो, तेही इंजिन पळत असताना. सिग्नलला उभे राहिलो की डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणायला लागतो, म्हणजे तेव्हा सगळा भार बॅटरीवर. हिशोब करा: हेडलाईटचे दोन बल्ब ४५ वॅटचे, झाले ९०. मागचे दिवे, नंबरप्लेटचा आणि मीटरचे मिळून पंचवीस-तीस. प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल चाळीसेक, वायपर जवळपास तेवढाच. दोनशेला टेकलो आणि अजून एकही ॲक्सेसरी लावलेली नाही! चौकशीला येणारा प्रत्येक जण वस्तू किती दुर्मीळ, केवढ्याला पडली एवढंच विचारतो. किती अँपिअर खाते हे विचारणारा अजून भेटायचाय.

म्हणून फॉग लॅम्पपासून सुरू करतो, कारण सगळ्यांना आधी तेच हवे असतात. माझ्याकडे लुकासची एसएफटी ५७६ जोडी आहे, काच जाड, कडा क्रोमची. पुढच्या बंपरच्या बोल्टवरच पट्ट्या घेऊन बसवली. दिसते झकास. पण ४८ वॅटचे दोन बल्ब म्हणजे आणखी ९६ वॅट, आठ अँपिअर. हेडलाईट आणि वायपरबरोबर ते लावले की डायनॅमो हात टेकतो. उपाय म्हणून ३६ वॅटचे बल्ब घातले, बोनेटखाली दिसणार नाही असा रिले (जास्त वीज सांभाळणारा आडचा स्विच) बसवला आणि स्विचची जोडणी अशी केली की हेडलाईट बंद असेल तेव्हाच हे पेटतात. मुंबईत धुकं कुठलं, पण पावसात बोरघाट चढताना ढग रस्त्यावर उतरलेले असतात, तिथे खालून पसरणारा प्रकाश खरंच कामाला आला. तक्रार आतल्या रिफ्लेक्टरची. त्याचा चांदीचा मुलामा दमट हवेने काळवंडतो आणि फडक्याने पुसला तर निघूनच येतो. पुसू नका. मी काचेच्या कडेचं रबर नवीन घातलं, खालचं पाणी निघायचं भोक मोकळं ठेवलं. पावसाळ्यानंतर डाव्या दिव्यात थोडी वाफ दिसते, उजवा कोरडा आहे.

याच्या जोडीला अँमीटर हवाच, म्हणजे बॅटरीत किती वीज भरतेय (अधिक) किंवा उपसली जातेय (उणे) ते दाखवणारा मीटर. फियाटला फक्त लाल दिवा दिलाय, आणि तो बोलतो तोवर उशीर झालेला असतो. मी ३०-०-३० चा, काळ्या तबकडीचा जुना अँमीटर डॅशबोर्डखाली पट्टीवर लावला. सेल्फ सोडून गाडीची जवळपास सगळी वीज या मीटरातून जाते, तेव्हा त्याच्या तारा जाड हव्यात आणि फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाताना रबरी ग्रोमेट हवंच. मीटरबरोबर आलेली कापडी वेष्टनाची मूळ तार लावायचा माझा हट्ट होता. ग्रँट रोडच्या आमच्या म्हाताऱ्या वायरमनने ती वाकवून दाखवली, वेष्टनाचा भुगा त्याच्या तळहातावर पडला. म्हणाला, "अहो साहेब, मीटर बघायला लावताय की गाडी पेटवायला?" नवी कापडी वेष्टनाची जाड तार ऑपेरा हाऊसकडच्या मोटार पार्टच्या दुकानात मिळाली. दिसायला तशीच, आतून आजची.

या मीटरने जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कशाने नाही. जुलैतल्या एका संध्याकाळी किंग्ज सर्कलला पाणी भरलेलं, गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतायत, हेडलाईट, वायपर, पंखा सगळं चालू. काटा उणे पंधराच्या खाली. पंखा बंद केला, दोन-अडीचने वर आला. हेडलाईट बंद करून पार्किंगवर आणले, आणखी सात-आठ. क्लच दाबून ॲक्सिलेटर जरा धरला की काटा शून्याकडे झुकायचा. घरी पोचल्यावर सेल्फ मारून बघितला, एका दमात लागला. अँमीटर नसता तर बॅटरी कधी बसली हे टोइंगवाल्याला फोन करतानाच कळलं असतं.

पंखा म्हणजे डॅशबोर्डवरचा रबरी पात्यांचा, बोट गेलं तरी कापत नाही तो. आईला सगळ्या ॲक्सेसरीजमध्ये हा एकच पटलाय. बाकीच्यांना ती "तुझी भांडीकुंडी" म्हणते. वारा मध्यम, आवाज भरपूर. ओल्या दिवशी पुढच्या काचेवरची वाफ मात्र तो छान घालवतो. पाती कडक होऊन टोकाला चिरली आहेत.

आता रेडिओ, माझा सगळ्यात लाडका. ब्लॉपुंक्तचा साठच्या दशकातला, जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा, पाच बटणांचा सेट. खायला फार तर एक अँपिअर, त्यामुळे डायनॅमोची काही कुरकुर नाही. घेताना पहिली गोष्ट पोलॅरिटी. साठीच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला असे, फियाटमध्ये ऋण. काही रेडिओंवर बदलायची सोय असते, काहींवर नसते. मॉरिसमधून निघालेला सेट तसाच फियाटला जोडला की ट्रान्झिस्टर गेले. शिवाय आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकलेलेच असतात, चालतोय म्हणून सांगितलं तरी बदलून घ्या. लॅमिंग्टन रोडला ते किरकोळीत मिळतात, मजुरी जास्त पडते.

बटणांची करामत अशी: बटण बाहेर ओढायचं, गोल खुंटी फिरवून स्टेशन लावायचं, बटण पूर्ण आत दाबायचं. आतली पट्टी त्या जागी आवळली जाते. पुढच्या वेळी बटण दाबलं की काटा खटकन त्याच जागी धावतो, तबकडीवर दिसतो धावताना. माझ्या पहिल्या बटणावर ५५८ किलोहर्ट्झ, अस्मिता वाहिनी. एफएम नाहीच, आणि त्यासाठी आत ब्लूटूथची पाटी बसवून देणारे आहेत, त्यांना मी हात जोडून परत पाठवतो.

गाडीतला मीडियम वेव्ह म्हणजे खरखरीशी कुस्ती. पहिल्या दिवशी इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी कुईं आणि प्लगची टकटक एवढंच ऐकू येत होतं. कॉइलच्या इग्निशनकडून येणाऱ्या टोकावर एक कपॅसिटर, डायनॅमोच्या जाड तारेच्या टोकावर दुसरा, आणि आवाज निम्म्याहून कमी झाला. डायनॅमोच्या फील्डच्या बारीक टोकावर मात्र कपॅसिटर लावू नये, रेग्युलेटरचं (डायनॅमोची वीज आवरणाऱ्या डबीचं) काम बिघडतं. मग एरियल. मडगार्डला भोक नको म्हणून खिडकीच्या काचेवर अडकवायचा जुना क्लिपचा एरियल घेतला. रेडिओच्या कडेला एक छोटा ट्रिमर स्क्रू असतो. १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादं क्षीण स्टेशन धरून तो हळूहळू फिरवत आवाज सर्वात मोठा होईल तिथे सोडायचा. एरियल बदलला की हे पुन्हा करावं लागतं, आणि रेडिओ विकणाऱ्यांपैकी एकानेही मला हे सांगितलं नव्हतं. आता मरीन ड्राइव्हला समुद्राच्या बाजूने छान लागतो, रेल्वेच्या तारांशेजारून जाताना जातो, कुठल्याशा दुकानाच्या एलईडी पाटीखाली पार मरतो. तरीही गाडीवरून शेवटी काय काढशील असं विचारलं तर हाच.

व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिन हवा किती जोरात ओढतंय ते दाखवणारा मीटर, फुकट काम करतं, विजेचा एक थेंब नको (रात्री बघायचा छोटा बल्ब सोडला तर). कार्ब्युरेटरखाली निपलवाली चकती घालून तिथून बारीक नळी घेतली. धड इंजिन आयडलला १७ ते २१ इंच पारा दाखवतं आणि काटा स्थिर असतो. थरथरला तर व्हॉल्व्हची किंवा प्लगची चौकशी करावी. केम्प्स कॉर्नरचा पूल १९६५चा, गाडीहून वर्षाने मोठा. तो चढताना टॉपमध्येच रेटलं तर काटा चार-पाचवर बसतो, तिसरा टाकला की दहावर येतो. पेट्रोल किती वाचलं ते सांगता येणार नाही, पण उजवा पाय सुधारला.

कुलपाचं पेट्रोल झाकण घेणाऱ्यांनी एक बघावं: झाकणाला हवा आत जायचं छिद्र असतं. जुन्या झाकणात ते मळाने बुजलेलं असतं. मग टाकीत पोकळी तयार होते, पंप ओढू शकत नाही आणि गाडी वीसेक किलोमीटरवर बंद पडते. थोडा वेळ थांबलात की परत चालू होते, आणि मेकॅनिक कार्ब्युरेटर खोलून बसतो. बंद पडल्यावर झाकण उघडताना 'फुस्स' झालं तर दोष तिथेच. बारीक तारेने छिद्र मोकळं केलं, काम झालं.

बाहेरचा सन व्हायझर, हिरव्या पारदर्शक प्लास्टिकचा, छताच्या कडेच्या पन्नाळीला क्लॅम्प करायचा: उतरवला. पन्नासच्या पुढे घोंघावतो आणि चौकातला वरचा सिग्नल दिसत नाही. अमेरिकेत अशा व्हायझरवाल्यांना सिग्नल बघता यावा म्हणून डॅशबोर्डवर ठेवायचं कोरलेलं भिंग विकत असत, म्हणजे एका ॲक्सेसरीच्या दुखण्यावर दुसरी ॲक्सेसरी! छताचं कॅरियर हिवाळ्यात ठीक. पावसाळ्याआधी काढा, त्याच्या पायाखाली पन्नाळीत पाणी साचतं. चाकांच्या क्रोम रिंगांचंही तेच, शिवाय त्या रस्त्यावरून चोरीला जातात. स्टिअरिंगवरचा लट्टू, एका हाताने फिरवायचा तो, शर्टाच्या बाहीत अडकतो. तो कपाटात आहे आणि तिथेच बरा दिसतो.

बॅज मात्र भरभरून लावा, ना वीज ना आवाज. जाळीवर वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनचा आहे, संस्था १९१९ची, मुंबईचीच. खरी मीनाकारी असेल तर दोन रंगांच्या मध्ये धातूची बारीक कड दिसते. नकलेत बऱ्याचदा छापील रंगावर पारदर्शक लेप असतो.

खरेदीबद्दल. ऑनलाइन घेतलेल्या एका दिव्याची काच प्लास्टिकची निघाली, विक्रेत्याने नंतर फोन उचलला नाही. तेव्हापासून हातात घेऊन बघितल्याशिवाय नाही. लुकासच्या बऱ्याच वस्तूंवर महिना आणि साल ठोकलेलं असतं, ते आधी शोधावं. चोरबाजारात मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो आणि सुट्या वस्तू तिथे निघतात. टॉर्च, मल्टीमीटर आणि सुटे पैसे न्या. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची (पद्मिनी म्हणजे याच फियाटचं पुढचं नाव) मुंबईत टॅक्सीला मिळणारी वीस वर्षं भरली, तेव्हापासून दिसेल ती वस्तू 'टॅक्सीवरची' म्हणून दीडपट भावाने येते. टॅक्सीवरची असली तरी सत्तर-ऐंशीच्या दशकातली असेलच असं नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदवलेली होती. आणि एकटा दिवा स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका, त्याचा जोडीदार शोधायला लागलात की दुकानदाराला तुमचा चेहरा बघूनच भाव कळतो.

पंख्याची रबरी पाती अजून शोधतोय. नळबाजाराकडच्या एका फेरीवाल्याने "अगले जुम्मे को देखते हैं साहब" असं सांगितलंय, आणि हे तो होळीपासून सांगतोय.