‘पन्नास जण माझ्यासारखे नकोत’ : ॲलन मूर यांच्या एका पुस्तिकेविषयी

ब्रिटिश कॉमिक्स-लेखक ॲलन मूर यांच्या ‘रायटिंग फॉर कॉमिक्स’ या पुस्तिकेचे नाव पाहून ती विकत घेणाऱ्याची थोडी फसगत होते, हे आधीच सांगितलेले बरे. कॉमिक्स कसे लिहावे याचे धडे मिळतील, पटकथेचा नमुना मिळेल, पानावर चौकटी किती आणि संवादाच्या फुग्यात शब्द किती याचे कोष्टक मिळेल, अशी अपेक्षा असेल तर पन्नासाच्या आतली ही पाने तासाभरात संपतात आणि हाती फारसे काही लागत नाही. मात्र चित्रकथा वाचावी कशी, तिच्याविषयी बोलावे कसे आणि तिचा धंदा चालवणाऱ्यांनी तिचे काय करून ठेवले आहे, या प्रश्नांत रस असणाऱ्याला हीच पाने पुन्हापुन्हा उघडावीशी वाटतील. मूळ मजकूर १९८५ च्या सुमारास ‘फँटसी ॲडव्हर्टायझर’ या ब्रिटिश नियतकालिकात लेखमालेच्या रूपाने आला. अमेरिकेतील अवतार प्रेसने २००३ मध्ये त्याची पुस्तिका काढली, तेव्हा मूर यांनी तिला नवा उपसंहार जोडला. लेखमाला आणि उपसंहार यांच्यामधल्या सुमारे अठरा वर्षांमुळेच या छोट्या ऐवजाला वजन आले आहे.

मूर हे लेखक म्हणून नावाजण्याच्या आधीपासून टीकाकार होते, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांच्याही सहसा लक्षात राहत नाही. १९८३ मध्ये मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स प्रकाशनसंस्थेच्या ब्रिटिश शाखेच्या ‘द डेअरडेव्हिल्स’ या मासिकात त्यांनी लेखक-संपादक स्टॅन ली यांच्यावर लेख लिहून मार्व्हलच्याच सर्वांत मोठ्या माणसाची, प्रेमाने पण चांगलीच, हजेरी घेतली होती. त्याच वर्षी त्याच मासिकात त्यांनी कॉमिक्समधल्या स्त्रियांच्या चित्रणावरही लिहिले. मालकाच्या घरात बसून मालकाची उलटतपासणी करण्याची ही सवय पुढच्या लेखमालेत अधिक शिस्तीने उतरली आहे. मराठीत ‘टीका’ या शब्दाचा जुना अर्थ उलगडून सांगणे असा आहे, म्हणूनच ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरची टीका म्हणतो. दोष काढणे हा अर्थ त्याला नंतर चिकटला. मूर यांच्या लेखनात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात आणि पहिल्या प्रकरणात तर एक कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो हे सांगणे कठीण जाते.

पहिले प्रकरण या पुस्तिकेचा गाभा आहे. चित्रकथेबद्दल बोलताना आपण सगळी परिभाषा चित्रपटाकडून उसनी घेतो, अशी मूर यांची मुख्य तक्रार आहे. दृश्य दुरून घेतले आहे, मग जवळून घेतले आहे, कॅमेरा वळला आहे, असे आपण म्हणतो आणि काहीतरी सखोल बोललो असे आपल्याला वाटते. या उसनवारीतून चित्रकथेचे बरेच भले झाले, हे ते नाकारत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की चित्रपटाच्या मापाने मोजलेली चित्रकथा शेवटी न हलणारा आणि आवाज नसलेला चित्रपटच ठरते, म्हणजे ती नेहमी दुसऱ्याच्या मागे एक पाऊल राहते. चित्रपट प्रेक्षकाला सेकंदाला चोवीस चित्रांच्या वेगाने ओढत पुढे नेतो. चित्रकथेचा वाचक मात्र एका चौकटीवर दहा मिनिटे रेंगाळू शकतो, चार पाने मागे जाऊन आधीचे एखादे वाक्य पुन्हा पाहू शकतो, कोपऱ्यातल्या पाटीवरचा मजकूर वाचू शकतो आणि त्या पाटीचा कथेशी असलेला संबंध स्वतः शोधू शकतो. शब्द एक सांगत असताना चित्राने दुसरेच सांगावे आणि दोहोंच्या घर्षणातून वाचकाच्या मनात तिसराच अर्थ उभा राहावा, ही सोय इतर कोणत्याही माध्यमात इतक्या सहज उपलब्ध नाही. टीकाकाराने हे आधी पाहावे आणि लेखकाने येथून सुरुवात करावी, असा मूर यांचा आग्रह आहे.

हा आग्रह पोकळ नव्हता, हे लेखमालेनंतर लगेचच दिसले. १९८६-८७ मध्ये चित्रकार डेव्ह गिबन्स यांच्यासह त्यांनी केलेल्या ‘वॉचमेन’ या सुपरहिरोंच्या बारा अंकी कथेच्या पाचव्या अंकात पानांची मांडणी आरशातल्यासारखी आहे. पहिल्या पानावर चौकटी जशा बसवल्या आहेत तशाच त्या शेवटच्या पानावर बसवल्या आहेत, दुसऱ्यासारख्या उपांत्य पानावर, आणि असे करत दोन्ही टोके अंकाच्या मध्यभागी येऊन भेटतात. वाचकाला हे पहिल्या वाचनात कळत नाही, तरी काहीतरी बांधून ठेवलेले आहे याची जाणीव होत राहते. २००९ मध्ये या कथेवर चित्रपट आला, पण पाने मागेपुढे उलटून एकमेकांशी ताडून पाहण्याचा हा खेळ पडद्यावर नेण्याची सोय कोणत्याही दिग्दर्शकाकडे नसते. (जाता जाता, आपला ‘चित्रकथा’ हा शब्दही तपासण्यासारखा आहे. त्यात चित्र आहे, कथा आहे, पण त्या दोहोंच्या मधल्या ज्या जागेविषयी मूर बोलतात तिला शब्दात स्थान नाही. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ वाचून वाढलेले माझ्यासारखे अनेक वाचक आजही चित्रे कशी आहेत आणि गोष्ट कशी आहे, असे दोन वेगळे अभिप्राय देऊन मोकळे होतात.)

याच प्रकरणाच्या सुरुवातीला मूर यांनी एक इशारा दिला आहे आणि पुढच्या घडामोडींमुळे तो आज वाचताना बोचतो. मार्व्हलने चित्रकारांसाठी काढलेल्या शिकवणीच्या पुस्तकाचा दाखला देऊन ते म्हणतात की आधीच्या पिढीची नक्कल कशी करावी हे नव्या पिढीला शिकवणे मुळातच चुकीचे आहे. जॉन बुसेमा उत्तम चित्रकार असले तरी त्यांच्यासारखे काढणारे पन्नास जण या धंद्याला नकोत, आणि मूर यांच्यासारखे लिहिणारे पन्नास जण तर नकोतच. पहाटेने आकाशाचा कत्तलखाना केला, अशा धर्तीच्या स्वतःच्याच भडक निवेदनाची त्यांनी येथे टिंगल केली आहे. प्रत्यक्षात ‘वॉचमेन’ गाजल्यावर अमेरिकन कॉमिक्समध्ये नेमके तेच झाले. त्या कथेची बांधणी कोणी उचलली नाही, चौकटींमधला संवाद कोणी उचलला नाही; उचलला गेला तो अंधार, रक्तपात आणि कडवटपणा. त्यात मूर स्वतःही पूर्ण निर्दोष नाहीत. १९८८ च्या ‘द किलिंग जोक’ या आपल्या बॅटमॅन-कथेबद्दल, ती विनाकारण क्रूर झाली, असे त्यांनी पुढे स्वतःच म्हटले आहे.

मधली दोन प्रकरणे चांगली असली तरी त्यांवर फार थांबण्याचे कारण नाही. स्टॅन ली यांनी पात्रांना एकाऐवजी दोन परिमाणे दिली, म्हणजे वीर पुरुषाला एखादे दुखणे किंवा एखादी अडचण चिकटवली, आणि पुढचे लेखक त्या दुसऱ्या परिमाणावरच अडकून राहिले, हे निरीक्षण मार्मिक आहे आणि थोडे अन्यायकारकही. ‘स्वॅम्प थिंग’ या भयकथा-मालिकेसाठी इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टन शहरात बसून लुइझियानातली दलदल उभी करताना माहिती कशी मुरवावी लागते, आणि वाचकाला न दिसणाऱ्या तपशिलाचाही कथेला आधार कसा मिळतो, याचे विवेचन कोणत्याही कथालेखकाला उपयोगी पडेल. चौथ्या प्रकरणात गिबन्स यांच्याबरोबर केलेल्या १९८५ च्या सुपरमॅन वार्षिकाची रचना त्यांनी उलगडून दाखवली आहे. ज्याच्याकडे सर्व काही आहे अशा माणसाला वाढदिवसाला काय द्यावे, या साध्या प्रश्नातून ती कथा निघते आणि ज्याचा क्रिप्टन ग्रह कधी नष्ट झालाच नाही अशा सुपरमॅनच्या स्वप्नापर्यंत पोहोचते. कल्पना आणि कथानक या वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली नसेल तर दुसरे कितीही गुंतवले तरी व्यर्थ आहे, हे त्यांचे म्हणणे येथे उदाहरणासह पटते.

माझी या पुस्तिकेबद्दलची खरी तक्रार दुसरीकडे आहे. कॉमिक्सच्या धंद्याचे दुखणे म्हणजे कल्पनांचा दुष्काळ, असे निदान १९८५ चे मूर करतात. लेखकांनी अधिक विचार केला, टीकाकारांनी अधिक बारकाईने वाचले, तर माध्यम सुधारेल, असा त्यामागचा विश्वास आहे. कराराच्या कागदाचा येथे विचार नाही, आणि पुढच्या दोनतीन वर्षांतच मूर यांना घेरले ते कागदाने. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १३० डॉलरला सुपरमॅनचे हक्क देऊन टाकल्यापासून या धंद्याची रीत सर्वांना ठाऊक होती. ‘वॉचमेन’चा करार त्या मानाने उदार दिसत होता : पुस्तक बाजारातून गेले की ठरावीक काळाने हक्क मूर आणि गिबन्स यांच्याकडे परत यायचे होते. मासिक अंक आला आणि गेला, असे चालणाऱ्या त्या काळात ही अट लेखकाच्या फायद्याचीच वाटावी. पण १९८७ मध्ये बारा अंकांचा एकत्रित खंड निघाला आणि तो आजतागायत छापला जातो आहे. अट कोणी मोडली नाही. ती लागू होण्याची वेळच आली नाही. त्याच सुमारास अंकांवर वयोगटाची लेबले लावण्याच्या प्रश्नावरून ‘वॉचमेन’ची प्रकाशनसंस्था डीसी हिच्याशी वाद झाला आणि मूर तिथून बाहेर पडले. २०१२ मध्ये डीसीने ‘वॉचमेन’च्या पूर्वकथेची मालिका इतरांकडून लिहून घेतली, ती त्यांच्या उघड विरोधाला न जुमानता. २०१४ पासून मार्व्हलने मूर यांनी पूर्वी लिहिलेल्या ‘मिरॅकलमॅन’ या मालिकेचे जुने अंक पुन्हा छापले, त्यांवर मूर यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या नावाऐवजी ‘मूळ लेखक’ एवढेच छापलेले आहे. उत्तम कल्पना लिहिणाऱ्याला कल्पनेची मालकी मिळत नसेल, तर तो पुढची कल्पना त्याच दारी का घेऊन जाईल, हा प्रश्न या पुस्तिकेत कुठेतरी यायला हवा होता. ब्रिटनमध्ये मूर यांचीच ‘हॅलो जोन्स’ची कथा हक्कांच्या अशाच प्रश्नावरून १९८६ मध्ये तिसऱ्या भागावर थांबली होती, म्हणजे हा प्रश्न त्यांच्याही अनुभवाबाहेरचा नव्हता.

उपसंहारात मात्र पुस्तिका एकदम वेगळ्या उंचीवर जाते. २००३ चे मूर १९८५ च्या तरुण मूरकडे वळून पाहतात आणि त्याने दिलेला बराचसा सल्ला, तो पाळून यशस्वी झालेल्या लेखकासमोर, मोडीत काढतात. शैली सापडली की ती टाकून द्या, आपल्याला जमेल याची खात्री नाही असेच काम हाती घ्या, अपयशाचे भय धरू नका, असा त्याचा सूर आहे. एखाद्या लेखकाने आपल्याच पुस्तकाच्या शेवटी त्या पुस्तकाचे परीक्षण करावे आणि प्रकाशकाने ते तसेच छापावे, हे दृश्य दुर्मीळ आहे. बारा अंकांची योजना असलेली आणि दोनच अंक निघालेली ‘बिग नंबर्स’ ही मालिका ज्याच्या खात्यावर जमा आहे, त्याने अपयशाबद्दल बोलावे याला वेगळा अर्थही येतो.

पण याच मापाने मूर यांची अलीकडची विधाने मोजली तर ती कमी भरतात. २०१९ मध्ये कॉमिक्समधून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलाखतींतून सुपरहिरोंविषयी बरेच कठोर बोलून ठेवले आहे. प्रौढ माणसांनी या चित्रपटांसाठी रांगा लावणे हे समाजाच्या पोरकटपणाचे आणि त्यातून येऊ शकणाऱ्या हुकूमशाही वृत्तीचे लक्षण आहे, असा त्याचा आशय. या म्हणण्यात तथ्यांश असू शकेल. परंतु टिम बर्टन यांच्या पहिल्या ‘बॅटमॅन’नंतर आपण असा एकही चित्रपट पाहिलेला नाही, हेही त्यांनीच सांगितले आहे. कलाकृतीजवळ जा, तिच्या अंगभूत नियमांनी ती वाचा, असे बजावणाऱ्या टीकाकाराने न पाहिलेल्या कलाकृतींच्या आख्ख्या राशीवर निकाल द्यावा, हे त्यांच्या १९८५ च्या पहिल्या प्रकरणात बसत नाही. त्यांचा संताप समजू शकतो. तो संताप म्हणून ऐकावा, टीका म्हणून नव्हे.

वस्तू म्हणून पुस्तिकेत उणिवा आहेत. मूर ज्या पानांविषयी बोलतात ती पाने येथे पाहायला मिळत नाहीत. जेसन बरोज यांची चित्रे सुबक आहेत, पण ती विवेचनाला पुरावा म्हणून उभी राहत नाहीत, आणि चित्र व शब्द यांच्या नात्यावरच्या पुस्तकात ही त्रुटी जास्तच जाणवते. इंग्रजी वाक्ये लांब आणि वळणदार आहेत, त्या काळच्या ब्रिटिश व अमेरिकन अंकांचे संदर्भ गृहीत धरलेले आहेत, त्यामुळे इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर थांबलेल्या वाचकाला पहिली काही पाने जड जातील. तरीही कथा लिहिणाऱ्याने, आणि त्याहून अधिक परीक्षणे लिहिणाऱ्याने, ती घ्यावी असे मी म्हणेन. सोबत ‘स्वॅम्प थिंग’चा एकविसावा अंक मिळाला तर जरूर ठेवावा. पहिले प्रकरण वाचून झाल्यावर तो अंक एकदा सलग वाचावा, मग प्रत्येक चौकटीवर हात ठेवून वाचावा, आणि त्यानंतरच उपसंहाराचे पान उलटावे.