छतावरचा शार्क फिन: चौदा महिन्यांनंतर

छतावर शार्क फिन, म्हणजे शार्कच्या परासारखं अँटेनाचं घर असलेली ही गाडी घेतल्यापासून महिन्यातून दोनदा तरी पुणे-मुंबई होतं. मोबाइलचा होल्डर मी तिसऱ्याच महिन्यात काढून टाकला, त्याचं कारण बोगदे. जुन्या मोबाइलवर माडपच्या बोगद्यात बाण जागच्या जागी थिजायचा. गाडीतल्या नेव्हिगेशनचा बाण चालत राहतो, कारण उपग्रह दिसेनासे झाले तरी चाकांच्या सेन्सरवरून अंतर आणि जायरो या वळण मोजणाऱ्या सेन्सरवरून दिशा कळते. बाहेर आलं की उपग्रह पुन्हा मिळतात आणि राहिलेली चूक भरून निघते.

पावसाळ्यात मात्र घोळ सुरू झाला. गाडी हायवेवर, बाण शेजारच्या शेतात! सर्व्हिस सेंटरने दोनदा सॉफ्टवेअर अपडेट करून परत पाठवलं, फरक शून्य. स्क्रीनच्या माहितीत उपग्रह दिसत होते तीन. पूर्वी दहा-बारा असायचे. जागा नीट कळायला किमान चार लागतात, कारण गाडीतल्या रिसीव्हरच्या घड्याळातली चूकही त्यातूनच काढावी लागते.

शेवटी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने मागचं रूफ लायनिंग उतरवून फिन काढला. आत जेमतेम इंचभर चौकोनी सिरॅमिकची वडी, वर चांदीचा मुलामा, मधोमध नाही तर किंचित बाजूला टाचणीएवढा सोल्डरचा टाका. हाच जीपीएसचा अँटेना. २०,२०० किलोमीटरवरून १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येणारा सिग्नल रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षाही क्षीण असतो, म्हणून वडीच्या खालीच अँप्लिफायर बसवलेला असतो. त्याला वीज मिळते ती सिग्नल नेणाऱ्या त्याच वायरीतून. आमचं दुखणं नेमकं तिथेच होतं: फिनखालचं रबर दबलेलं, पाणी झिरपून त्या वायरीच्या निळ्या प्लगच्या पिनवर हिरवट गंज. वीजही धड पोचेना, सिग्नलही. पिन साफ केली, रबर नवं टाकलं, घरी पोचेपर्यंत अकरा उपग्रह!

अँटेनाची जागा छतावर असणं मला फार मोलाचं वाटतं. वर मोकळं आकाश मिळतं आणि खालचा पत्रा अँटेनाला ग्राउंड प्लेन, म्हणजे सिग्नल पकडायला मदत करणारा सपाट धातू, म्हणून उपयोगी पडतो. डॅशबोर्डखाली अँटेना असलेल्या गाड्यांना धातूचा थर असलेली काच किंवा फिल्म आड येऊ शकते. फिल्म लावण्याआधी आपल्या गाडीत अँटेना कुठे आहे, एवढं जरूर विचारा.

हल्ली वॉशिंगला गेलो की मी उभा राहतो आणि प्रेशरचं नोझल फिनच्या बुडाशी धरू देत नाही.