अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची फाइल: इशारा आला तर पुढे जायचं की थांबायचं?

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन कापसाचा पहिला वेचा सुरू होता. तेव्हा दोन दिवसांच्या अंतरानं दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. पहिला सेवा केंद्र चालवणारा पोरगा. अंगठ्याच्या नव्या मशीनचं सॉफ्टवेअर उघडताना त्याच्या लॅपटॉपवर निळी खिडकी आडवी आली होती. दुसरे शेजारचे काका. त्यांचा पीएम किसानचा हप्ता अडकला होता. त्यातच गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘घरबसल्या ई-केवायसी’ अशा नावाची फाइल आली, ती त्यांनी दाबली आणि मोबाइलनं अडवलं. दोघांचे शब्दही सारखेच: “दाबून टाकू का न भाऊ?”

पोराला मी हो म्हटलं, काकांना नाही. काकांना थोडा रागच आला. “त्याचं चालते, अन् माह्यं काऊन नाही?” त्यांचा प्रश्न रास्त होता, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

लॅपटॉपवरची निळी खिडकी

इंटरनेटवरून फाइल उतरवली की ब्राउझर तिला एक खूण चिकटवतो: ही बाहेरून आली आहे. अशी खूण असलेली फाइल उघडताना विंडोजमधला स्मार्टस्क्रीन तिची ओळख तपासतो. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून तो सिस्टिममध्येच आहे. पुष्कळ लोकांनी वापरलेली, तक्रार नसलेली फाइल असेल तर तो गप्प बसतो. फाइल नवी असेल, थोड्याच लोकांकडे पोचली असेल, तर ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ म्हणून निळी खिडकी येते. फाइल वाईट आहे असं ती म्हणत नाही. मी हिला ओळखत नाही, एवढंच तिचं म्हणणं असतं. कंपनीनं मागच्याच आठवड्यात नवी आवृत्ती काढली असेल, तर चांगल्या सॉफ्टवेअरलाही ही खिडकी येऊ शकते.

मग ओळख आपण पटवून घ्यायची. ‘मोर इन्फो’ दाबलं की खाली प्रकाशकाचं नाव दिसतं. तिथे मशीनच्या खोक्यावर छापलेल्या कंपनीचंच नाव होतं. फाइलवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडल्या, ‘डिजिटल सिग्नेचर्स’मध्ये पाहिलं, तर सहीही वैध होती. आणि फाइल त्यानं कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घेतली होती, कुणा मित्राच्या लिंकवरून नव्हे. या तिन्ही गोष्टी जुळल्या, तेव्हा ‘रन एनीवे’ दाबलं. ‘अननोन पब्लिशर’ आलं असतं, तर अंगठे घेणाऱ्या मशीनसाठी मी त्याला थांबवलंच असतं. ज्या लॅपटॉपवर गावातल्या लोकांचे आधार क्रमांक टाकले जातात, तिथे धोका पत्करायचा हक्क एकट्या केंद्रचालकाचा नसतो.

सही म्हणजे काय, हे कपाशीच्या बियाण्यावरून लवकर समजतं. सीलबंद पाकीट, लॉट नंबर, पक्कं बिल. पाकीट कुणी भरलं आणि मध्ये कुणी फोडलं नाही, एवढं सील सांगतं. उगवण किती होईल ते सांगत नाही. सहीचंही तसंच. 2017 मध्ये सीक्लीनर नावाच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरची एक आवृत्ती कंपनीच्या अधिकृत साइटवर वैध सहीसकट होती आणि तिच्या आत हल्लेखोरांचा कोड मिसळलेला निघाला. तरीही बिलाशिवाय सुटं बियाणं घेणं आणि सीलबंद घेणं यांत जो फरक आहे, तोच बिनसहीची फाइल आणि सहीची फाइल यांत आहे.

निळ्या खिडकीनंतर आणखी एक चौकट येते, ‘या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का?’ अशा अर्थाची. लोक तिला पहिलीचाच दुसरा भाग समजतात. पहिली ओळख विचारते, दुसरी अधिकार मागते. मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला मशीन वापरता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, सिस्टिममध्ये बसवायचा असतो, त्यामुळे त्यानं अधिकार मागणं बरोबर आहे. पण एखादी पीडीएफ किंवा शासन निर्णय म्हणून आलेली फाइल असा अधिकार मागत असेल, तर ती कागद नाहीच. चौकटीची पट्टी पिवळी असेल तर प्रकाशकाची खात्री झालेली नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि पेनड्राइव्ह

खरी भीती मला इथे वाटते. आमच्याकडे मराठी टायपिंगचं, हिशेबाचं, फोटोचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरच फिरतं. नेटचा डेटा वाचतो, तालुक्याचा दुकानदार ओळखीचा असतो. “त्याच्या पेनड्राइव्हनं काही विचारत नाही, सरळ चालते,” असं कौतुकानं सांगतात.

ते काही विचारत नाही, कारण खूणच पुसली गेलेली असते. ‘बाहेरून आली’ ही खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट32 किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात. त्यावर फाइल टाकली की खूण मागे राहते आणि पुढच्या लॅपटॉपला ती फाइल घरचीच वाटते. अँटीव्हायरस त्याचं काम करत राहतो, पण ओळखीची ती तपासणी होतच नाही. म्हणजे इशारा न देणारी फाइल जास्त भरवशाची, हा आपला हिशेब नेमका उलटा आहे. निळ्या खिडकीसकट कंपनीच्या साइटवरून घेतलेली फाइल आणि गुपचूप चालणारी पेनड्राइव्हवरची फाइल यांत निवडायचं असेल, तर दोनशे एमबी डेटा गेला तरी चालेल, मी पहिलीच घेईन. सोबत ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना असेल, तर तो पेनड्राइव्ह लावूच नका.

मॅकबद्दल थोडक्यात, कारण आमच्या पंचक्रोशीत तो क्वचितच दिसतो. अशी तपासणी करणारा तिथला गेटकीपर विंडोजपेक्षा कडक आहे. 2024 च्या सिक्वोया या आवृत्तीपासून अनोळखी अ‍ॅप उघडायला सेटिंग्जमध्ये जाऊन मुद्दाम परवानगी द्यावी लागते.

मोबाइलवर हिशेब बदलतो

काकांच्या मोबाइलवर दोन अडसर आले होते. पहिला: व्हॉट्सअ‍ॅपला अ‍ॅप बसवण्याची परवानगी द्यायची का? 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून ही परवानगी प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळी असते आणि एकदा दिली की आपण बंद करेपर्यंत चालूच राहते. काकांनी ती देऊन टाकली होती. आज एका फाइलसाठी उघडलेलं फाटक उद्याच्या फाइललाही उघडंच. मी ते आधी बंद केलं.

दुसरा अडसर प्ले प्रोटेक्टचा, म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप तपासणाऱ्या गुगलच्या सोयीचा, आणि तो निळ्या खिडकीसारखा नुसता ‘ओळखत नाही’ म्हणणारा नव्हता. ब्राउझर, मेसेज किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं अ‍ॅप एसएमएस वाचायची, नोटिफिकेशन पाहायची किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल, तर त्याला थेट अडवण्याची सोय गुगलनं 2024 मध्ये भारतासाठी जाहीर केली. याच परवानग्या का? एसएमएस वाचता आला की बँकेचा ओटीपी मिळतो. अ‍ॅक्सेसिबिलिटी मिळाली की समोरचा तुमचा स्क्रीन पाहू शकतो आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतो. ही सोय अंधांसाठी आणि अपंगांसाठी केलेली आहे. हप्त्याची चौकशी करणाऱ्या अ‍ॅपला तिची गरज नसते.

म्हणून माझा निवाडा दोन्हीकडे सारखा नाही. लॅपटॉपची निळी खिडकी आली तर तपासा, पटलं तर पुढे जा. मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेल्या एपीके फाइलला (अँड्रॉइडचं अ‍ॅप बसवणारी फाइल) प्ले प्रोटेक्टनं अडवलं, तर तिथेच थांबा. कुणी फोनवरून ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा, मग चालेल’ असं सांगत असेल, तर तो तुमच्या खात्यासाठीच बोलतो आहे.

काकांचं शेवटचं म्हणणं होतं, “अरे, पण फाइल माजी सरपंचाच्या नंबरावरून आली न!” ती त्यांच्या नंबरावरून आली, त्यांनी पाठवली असं नाही. अशा काही फाइली मोबाइल ताब्यात घेऊन त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून ग्रुपमध्ये स्वतःला पुढे पाठवतात. लग्नपत्रिकेच्या, आरटीओ चलानच्या नावानं फिरणारे एपीके असेच पसरतात. माणसावरचा विश्वास फाइलला लावू नका. त्यांना फोन करून विचारा.

सरकारी अ‍ॅप हवं असेल तर आधी शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असलेली साइट उघडा आणि तिथल्या लिंकवरून प्ले स्टोअरवर जा. हे टोक सरकारी साइटलाच मिळतं. प्ले स्टोअरमध्ये नुसतं नाव टाकून शोधलं तर मिळत्याजुळत्या नावांची इतर अ‍ॅपही दिसतात, म्हणून खालचं प्रकाशकाचं नाव वाचा. पीक पाहणीची मुदत संपत आली, सर्व्हर चालेना, आणि ग्रुपवर कुणी ‘नवीन व्हर्जन’ची फाइल टाकली, तर तीही उघडू नका. अपडेट प्ले स्टोअरमधूनच घ्या.

एपीके बसवून झालं असेल तर मोबाइल लगेच फ्लाइट मोडवर टाका, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. अ‍ॅप निघत नसेल तर सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून बसवलेली अ‍ॅप बंद ठेवून मोबाइल सुरू करून, काढा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

काकांनी फाइल काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी, वेचायला जायच्या आधी, ते सेवा केंद्रात आले आणि त्याच नव्या मशीनवर अंगठा ठेवून त्यांची ई-केवायसी झाली.