तीनदा खेपा घालायला लावणारं झेरॉक्सचं दुकान, तरीही चार तारे

वेंगुर्ल्याच्या बाजारातलं झेरॉक्सचं दुकान. नाव लिहीत नाही, कारण तक्रारही करायची आहे.

फॅनी केंबल या इंग्लिश नटीचं ‘रेकॉर्ड्स ऑफ अ गर्लहूड’ हे आठवणींचं पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. मोबाइलवर वाचून डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा पेनड्राइव्ह घेऊन गेले. पाठपोट छपाई आणि बाइंडिंग मिळून 460 रुपये झाले. तारेचं स्पायरल नको म्हटलं, आमच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतं. प्लास्टिकचं घातलं, घट्ट बसलंय.

दुकानातला मुलगा पानं बघून घाबरला. ‘काकी, नाव उमटूकच नाय! एच आसा आणि फुडे नुसती रेघ.’ मी सांगेपर्यंत त्याने तीन पानं पुन्हा काढली होती. पैसे घेतले नाहीत.

ती रेघ मुद्दामच आहे. एच म्हणजे हॅरिएट सेंट लेजर, फॅनीची आयरिश मैत्रीण. चाळीस वर्षांत तिला लिहिलेली हजारो पत्रं उतारवयात फॅनीच्या हाती परत आली आणि त्यांच्या आधाराने 1878 मध्ये हे पुस्तक निघालं. आमच्या घरी बायकांची पत्रं कोण ठेवणार? तारेला टोचलेल्या असत त्या मनीऑर्डरच्या पावत्या.

वडिलांचं लंडनमधलं कॉव्हेंट गार्डन थिएटर कर्जात बुडालेलं, म्हणून 5 ऑक्टोबर 1829 ला ही एकोणीस वर्षांची पोर शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मध्ये ज्युलिएट म्हणून उभी राहिली. आईही त्याच रात्री लेडी कॅप्युलेटच्या, म्हणजे ज्युलिएटच्या आईच्या, कामासाठी रंगभूमीवर परत आली. आधी वर्षाला 20 पौंड हातखर्च, त्यातच हातमोजे नि बूट भागवायचे. आता आठवड्याला 30 गिनी, आणि गिनी म्हणजे पौंडाहून जरा जास्तच! तरी लोकांसमोर असं मिरवणं तिला रुचत नव्हतं. मीही चौदा वर्षं स्पर्धेच्या नाटकांत कामं केली. पडद्यामागे पोटात गोळा यायचा, पण ते मी कधी कुणाला कळवलं नाही. कळवायला एच लागते.

आता तक्रार. 211 ते 226 पानं उलटी बांधली. परत नेलं तर ‘मालक इल्यार सांगतंय’. तिसऱ्या खेपेला काम झालं. दुपारी एक ते चार शटर खाली असतं, ऊन खात जाऊ नका.

फॅनीबाईंचं पुढचं पुस्तकही तिथेच टाकणार आहे. मी दिसले की मुलगा विचारतो, ‘एचबाय काय म्हणता?’